लिमातली संकष्टी

“पेरूला चाललोय” असं सांगितलं की समोरचा आधी फळाचा विनोद करतो. पहिल्या तीन वेळा मी हसले, मग सोडून दिलं. आईने मात्र शेजारच्या काकूंना फोनवर सरळ सांगून टाकलं, “अहो, आपल्या कोरियांनी तिकडे घरं बांधल्येत, ती बघायला चाललोय.” काकूंना बहुतेक कोरिया देशच वाटला असणार. पण कारण खरंच तेवढंच होतं.

मी वाढले बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आखलेली ही वसाहत १९८३ ते १९८६ दरम्यान उभी राहिली. सात-सात घरांचा एक पुंजका, मधे आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण, आणि एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपलं घर वाढवावं आणि शेजाऱ्याला त्याचा त्रास होऊ नये, एवढा साधा हिशोब. बाबांनी आमचं घर दोनदा वाढवलं. दुसऱ्या वेळी मी दहावीत होते आणि अभ्यास सोडून गवंड्यांच्या मागे फिरायचे. पुढे आरसीसी कन्सल्टंटकडे नोकरीला लागले त्याचं मूळ तिथेच असावं.

कोरियांनी ही ‘वाढणारी घरं’ बेलापूरच्या आधी लिमात करून पाहिली होती, हे कॉलेजात कळलं आणि तेव्हापासून डोक्यात बसलं. योग यायला वीस वर्षं लागली. ताई न्यू जर्सीला असते, आई तिच्याकडे आलेली होती, मी ऑगस्टमध्ये सुट्टी घेऊन गेले. आमच्या दोघींच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता, त्यामुळे पेरूचा वेगळा काढावा लागला नाही. आईला नेऊ की नको ह्यावर ताईशी दोन दिवस वाद झाला. शेवटी आईच म्हणाली, “सहा दिवसांचा तर प्रश्न आहे. गुडघ्याला पट्टा लावीन.”

लिमाबद्दल पहिल्याच दिवशी कळणारी गोष्ट म्हणजे आकाश. ऑगस्ट हा तिथला हिवाळा. समुद्रातल्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे शहरावर ढगांचं एक सपाट, मळकट झाकण बसतं ते महिनोन्महिने हलत नाही. लिमावाले त्याला ‘पान्सा दे बुर्रो’ म्हणतात, गाढवाचं पोट. रंग अगदी तसाच. गंमत अशी की एवढे ढग असून पाऊस नाही. ‘गारुआ’ नावाचं तुषारांसारखं काहीतरी हवेत तरंगत असतं, केसांवर बसतं, दोरीवरचे कपडे वाळू देत नाही, पण पागोळी गळेल असं एक टिपूस नाही. वर्षाचा पाऊस जेमतेम एक-दोन सेंटिमीटर. आईच्या ते खिडकीतूनच लक्षात आलं. “घरांना पन्हळच नाही गं. आणि उतार?” उतार नव्हताच. सगळी छपरं सपाट, वर पाण्याच्या टाक्या, मोडक्या खुर्च्या, एखादं कुत्रं, आणि आकाशाकडे तोंड करून उभे असलेले गंजके गज. पुढचा मजला कधीतरी चढवायचा आहे म्हणून ठेवलेले. ते गज बघून मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात गेलो. पेरू जिंकणाऱ्या स्पॅनिश पिझारोने १८ जानेवारी १५३५ रोजी वसवलेलं हे शहर, आणि आल्या-आल्या त्याने आखलेला चौक आजही शहराचा मुख्य चौक आहे. प्लासा मायोर देखणा आहे, पिवळ्या भिंती आणि काळपट लाकडी सज्जे; पण मला तिथे फारसं थांबावंसं वाटलं नाही. गल्ल्यांमध्ये जास्त मजा आहे. तोर्रे ताग्ले नावाचा १७३५ सालचा वाडा आहे, आता तिथे परराष्ट्र मंत्रालय आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर दोन बंदिस्त सज्जे लटकलेले आहेत, काळपट लाकडाचे, जाळीदार. आतल्या बाईला रस्ता दिसावा पण रस्त्यावरच्याला बाई दिसू नये अशी सोय. स्पेनमधून आलेली, आणि स्पेनमध्ये अरबांकडून. कोकणात हे लाकूड वाळवी आणि पावसाने चार पिढ्यांत संपवलं असतं. इथे तीनशे वर्षं त्यावर फक्त धूळ बसत्येय.

त्याच भागात एका पडीक वाड्यापाशी आई थांबली. मला वाटलं गुडघा. पण ती वर बघत होती. तळमजल्याची भिंत जाडजूड, कच्च्या विटांची. वरच्या मजल्याचा गिलावा मात्र हातभर उडाला होता आणि आत उभ्या लाकडी दांड्या, त्यांच्यात विणलेल्या वेळूच्या काड्या आणि माती दिसत होती.

“अगं, हा तर कुड!”

आईचं माहेर राजापूरकडचं. तिच्या लहानपणी घराच्या आतल्या भिंती कुडाच्याच होत्या, कारवीच्या काठ्या बांधून वर शेणमातीचा लेप. मी इतकं वाचून आले होते, ‘किंचा’ हा शब्द वहीत लिहून आणला होता, आणि आपल्याकडे त्याला सरळ कुड म्हणतात हे मला सुचलंही नव्हतं. २८ ऑक्टोबर १७४६ च्या भूकंपाने लिमा जवळजवळ भुईसपाट झालं, पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने कायाओ बंदर धुऊन नेलं. त्यानंतर कच्च्या विटांचे वरचे मजले बांधायला मनाई झाली. खाली जड भिंत, वर हलका कुड. भूकंपात जडपणा जितका उंचावर तितका धोका मोठा, हे आम्ही आज सॉफ्टवेअरमध्ये आकडे घालून सिद्ध करतो. त्यांनी ते मेलेली माणसं मोजून शिकलं.

पुढे सान फ्रान्सिस्कोच्या मठात गेलो. तळघरात हाडं रचून ठेवलेली आहेत, मांडीची हाडं आणि कवट्या गोल-गोल रांगोळीसारख्या. अंदाजे पंचवीस हजार माणसं तिथे पुरली होती म्हणतात. आई आत आलीच नाही. मी जाऊन आले, आणि गेले नसते तरी चाललं असतं. खरी गोष्ट वर होती. चर्चच्या मुख्य भागावर त्या भव्य, दगडी भासणाऱ्या कमानी आहेत ना, त्या दगडी नाहीतच. लाकूड, वेळू आणि चुना. गाइडने हे सांगितल्यावर मी आईकडे बघितलं. ती मान वर करून एवढंच म्हणाली, “देवळाला कुडाचं छप्पर. हुशार आहेत.”

खाण्याचं आता सांगते, कारण तिथे आमची चांगलीच फजिती झाली. आम्ही मासे खातो, त्यामुळे सेविचे ह्या तिथल्या माशाच्या पदार्थाची भीती नव्हती. भीती होती ती आईला, कच्च्या माशाची. पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला सेविचे शोधत निघालो तर दुकानं बंद. सेविचे हे दुपारचं खाणं. सकाळी उतरलेला मासा दुपारपर्यंत संपवायचा हा जुना नियम बहुतेक जण अजून पाळतात. दुसऱ्या दिवशी एक वाजता गेलो. पांढऱ्या माशाचे चौकोनी तुकडे, आपल्यासारखंच छोटं आंबट लिंबू, मीठ, लांब चिरलेला कांदा, तिखटजाळ आही लिमो मिरची, बाजूला उकडलेल्या रताळ्याची फोड आणि टपोऱ्या दाण्यांचा मका. लिंबाने मासा वरून पांढरा पडतो, आत मऊ राहतो. खाली जो आंबट-तिखट रस उरतो त्याला ‘लेचे दे तिग्रे’ म्हणतात, वाघाचं दूध. आईने मासा दोन तुकड्यांत सोडला आणि वाघाचं दूध मात्र वाटी तोंडाला लावून संपवलं. इन्का कोला नावाच्या त्यांच्या लाडक्या पिवळ्याधमक सरबताबद्दल तिचं मत: खोकल्याचं औषध, तेही मुदत संपलेलं.

फजिती वेगळीच. ती झाली गुरुवारी. आई गुरुवारी मांस-मासे खात नाही. मी पाठ करून ठेवलेलं वाक्य वेटरला ऐकवलं, “सिन कार्ने, पोर फावोर,” मांसाशिवाय. तो हसून हो म्हणाला आणि कोंबडी घेऊन आला. पुन्हा सांगितलं. त्याला मी कशाबद्दल तक्रार करत्येय तेच कळेना. पेरूत ‘कार्ने’ म्हणजे बोलीत गाय-डुकराचं मांस; कोंबडी त्यात मोडत नाही! त्याच्या लेखी त्याने मांसाशिवायचंच ताट आणलं होतं. आई भात आणि तळलेलं केळं खाऊन उठली, आणि वर मलाच बोलली, “दुसऱ्याच्या भाषेत नाही म्हणायचं, तर नीट शिकून जावं.”

आणि शनिवारी होती संकष्टी. तिथी भारतातल्या तारखेने धरायची की इथल्या, ह्यावर विमानातच चर्चा झाली होती. लिमा भारताच्या साडेदहा तास मागे. ताईकडे न्यू जर्सीच्या देवळाचं कॅलेंडर होतं, लिमाची वेळ त्याच्या जवळपास, तेच प्रमाण मानलं. उरला प्रश्न खाण्याचा. साबुदाणा आणायचा राहिला होता. आई शांत होती, मलाच काळजी. सकाळी सुर्कियोच्या मंडईत गेलो, निदान केळी मिळतील म्हणून.

मंडईत शिरल्यावर पहिल्या गाळ्यावर बटाटे. एक-दोन जातींचे नव्हेत. जांभळे, आत गुलाबी रिंगण असलेले, बोटासारखे लांब, गाठीगाठींचे, आणि ‘पापा आमारिया’ नावाचे, आतून अंड्याच्या बलकासारखे पिवळे. बटाट्याला तिथे पापा म्हणतात, त्याच्या पेरूत तीन हजारांहून जास्त जाती आहेत, आणि बटाट्यावर संशोधन करणारं आंतरराष्ट्रीय केंद्र १९७१ पासून लिमातच आहे. आपला ‘बटाटा’ शब्द पोर्तुगीजांचा, आणि त्यांचा बताता मुळात रताळं. तेही शेजारच्या टोपलीत होतंच, कामोते नावाने. पुढे मानी, म्हणजे शेंगदाणे. पुढे युका: हातभर लांब, खोडासारखा तपकिरी कंद. आईने तो उचलून वास घेतला. मी म्हटलं, “आई, ह्याचाच साबुदाणा.” ती काही बोलली नाही. मग मिरच्या. आणि मग एका बाईच्या गाळ्यावर पांढऱ्या, फुटाण्यापेक्षा बारीक लाह्यांचं पोतं, आणि त्याच लाह्यांच्या गुळात बांधलेल्या वड्या.

“राजगिरा!” आई इतक्या मोठ्याने म्हणाली की बाईने वर बघितलं.

तिथे त्याला किविचा म्हणतात. आई त्या गाळ्यासमोर उभी राहून बोटं मोजायला लागली. बटाटा, रताळं, शेंगदाणे, साबुदाणा, मिरची, राजगिरा. “म्हणजे उपवास आपला आणि खाणं सगळं ह्यांचं?” हे सगळं अमेरिका खंडातून जहाजांनी आपल्याकडे आलं, चार-पाचशे वर्षांच्या आतबाहेरची गोष्ट. आपल्या जुन्या धान्यांना उपवासाला मनाई, आणि ही मंडळी कुठल्याच यादीत नव्हती म्हणून सुटली असावीत, असा माझा तर्क. आईला तर्कात रस नव्हता. “मग पणजी उपवासाला काय खायची?” “पणजीच्या वेळी आलेलं होतं गं. तिच्या पणजीच्या पणजीला विचार.” “वरी,” आई म्हणाली. “वरी तरी आपली असेल ना?” वरी आपली, असं मी तिला ठासून सांगितलं. तेव्हा तिला बरं वाटलं.

गाळेवाली आईला ‘कासेरिता’ म्हणत होती. नेहमीच्या गिऱ्हाइकाला म्हणायचा लाडाचा शब्द, पण पहिल्यांदा आलेल्यालाही तो लागू होतो. तिने शेंगदाणे तोलले, पिशवीत ओतले, आणि मग मूठभर आणखी टाकून म्हणाली, “ला यापा.” यापा हा केचुआ भाषेतला शब्द: वजनावर, पैशावर मिळणारं वरचं. आमचा भाजीवाला कोथिंबिरीच्या चार काड्या टाकतो तसं. आईला अर्थ सांगावा लागला नाही, तिने पिशवी पुढे धरून तो शब्द दोनदा पुटपुटून घेतला. कोपऱ्यावर ‘चुन्यो’ होतं, डोंगरातल्या हिमाच्या रात्री उघड्यावर ठेवून, दिवसा पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेला बटाटा. दगडासारखा टणक, वर्षानुवर्षं टिकतो. आईने तो दातांनी चावून पाहिला. “वाळवण,” ती म्हणाली, “पण मीठ नाही.”

अपार्टमेंटवर तिने पापा आमारिया उकडून शेंगदाण्याच्या कुटाची भाजी केली. तो बटाटा इतका पिठूळ की फोडी राहिल्याच नाहीत. मी म्हटलं, लिमावाले ह्यातच लिंबू आणि पिवळी मिरची घालून, मळून, गार करून थर लावतात आणि काउसा म्हणतात. “मग झालीच की काउसा,” म्हणून तिने ती ताटलीत थापली.

दुपारी आम्ही ज्यासाठी आलो होतो तिकडे निघालो. प्रेवी ही वसाहत शहराच्या उत्तरेला पानामेरिकाना महामार्गाच्या बाजूला आहे. पर्यटक जात नाहीत. आम्ही राहत होतो त्या मिराफ्लोरेस भागातून टॅक्सीने दीड तास, आणि टॅक्सीवाल्याने दोनदा विचारलं की पत्ता नक्की हाच ना.

साठच्या दशकातले राष्ट्राध्यक्ष फेर्नान्दो बेलाउन्दे हे स्वतः वास्तुरचनाकार. खेड्यांतून लोंढे लिमात येत होते, वाळूच्या टेकड्यांवर चटयांच्या झोपड्या उभ्या राहत होत्या. त्यांच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ही योजना हाती घेतली: कमी खर्चाचं, दाटीवाटीचं, पण रहिवाशाला पुढे वाढवता येईल असं घर. १९६८ मध्ये लष्कराने बेलाउन्देंना हटवलं, तरी योजना चालू राहिली. १९६९ च्या स्पर्धेत पेरूच्या तेरा आणि बाहेरच्या तेरा रचनाकारांना बोलावलं होतं. जेम्स स्टर्लिंग, आल्डो व्हान आइक, जपानहून किकुताके-कुरोकावा-माकी ही त्रयी, आणि मुंबईहून कोरिया. एकाचीच निवड करण्यापेक्षा जवळपास सगळ्यांची थोडी-थोडी घरं बांधली, अशी सुमारे पाचशे. त्याच सुमारास कोरिया नव्या मुंबईच्या आखणीतही गुंतलेले होते.

मी डोळ्यांसमोर ठेवलेली ती कृष्णधवल छायाचित्रं तिथे कुठेच नव्हती. होत्या तीन-तीन, चार-चार मजली इमारती, टाइल्स, जाळ्या, ब्युटी पार्लर, किराणा, एक बालवाडी. पण चारचाकी आत येत नाही. गल्ल्या फक्त चालण्याच्या, आणि दर थोड्या अंतरावर गल्ली उघडून एक छोटा चौक होतो, त्यात झाड आणि बाक. मी नकाशा उलटसुलट करत कोरियांची ओळ शोधत होते आणि आई एका बाकावर बसून म्हणाली, “हे आपलं अंगण झालं.”

शेवटी सापडली. लांबट, अरुंद, एकमेकांना खेटून उभी घरं. एका दारात साधारण आईच्याच वयाची बाई कुंड्यांना पाणी घालत होती. मी फोनवरच्या भाषांतराने सांगितलं की हे घर काढणाऱ्याच माणसाने काढलेल्या घरात मी मोठी झाले. तिने फोन हातात घेऊन ते वाक्य दोनदा वाचलं आणि दार उघडलं.

आत अंधारं होतं. मधला उंच भाग, जिथून वारा खेळावा अशी मूळ कल्पना, तिथे आता स्लॅब होता. वर मोठा मुलगा राहतो, त्याच्यावर धाकटा. माझा इंजिनीअरचा जीव कळवळला. कॉलम न वाढवता दोन मजले, भूकंपाचं शहर. मी जिन्याखालच्या एका तुळईकडे बघत राहिले. तिला वाटलं मला आवडली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझा दंड दाबला. “आपल्या बाबांनी कुणाला विचारून खोली चढवली होती?” ती मराठीत म्हणाली. बाईने विचारलं, आई काय म्हणते? मी सांगितलं, घर छान आहे म्हणते.

एक फरक मात्र आईनेच दाखवला. इथे दोन घरांत भिंत एकच. शेजारची मिक्सर लावत्येय हे ऐकू येत होतं. बेलापूरला भिंती वेगळ्या. बाईने हाताने भिंतीवर थापट्या मारल्या, पलीकडून लगेच दोन थापट्यांचं उत्तर आलं, आणि दोघी हसत सुटल्या. मला ती सामाईक भिंत चूक वाटत होती. बाईला ती बहुतेक सगळ्यात उपयोगाची वाटत असावी. निघताना आईने तिला राजगिऱ्याची वडी दिली, म्हणजे त्यांचीच त्यांना.

रात्री चंद्रोदय आठ पन्नासला, असं फोन सांगत होता. इमारतीच्या गच्चीवर गेलो. पूर्वेला अँडीज असणार, पण दिसत होतं ते गाढवाचं पोट, खालून शहराच्या दिव्यांनी केशरी झालेलं. चंद्र तर सोडाच, वरच्या मजल्याची टाकीसुद्धा धूसर होती. मी म्हटलं, आता? आईने तांब्याऐवजी आणलेला स्टीलचा पेला उचलला. “श्रावणात मुंबईला कधी दिसतो गं चंद्र? वेळ झाली की झाली.” पूर्व कुठली ते तिने मला कंपासवर दोनदा बघायला लावलं, पाणी सोडलं, हात जोडले. पाणी गच्चीवरच राहिलं. उतार नव्हता ना.

मोदकाची सोय नव्हती. पार्के केनेडीत पिकारोनेसची गाडी लागते तिथे चालत गेलो. रताळं आणि भोपळ्याचं आंबवलेलं पातळ पीठ. बाई बोटं पाण्यात बुडवते, पिठाचा गोळा उचलते, अंगठ्याने मधे भोक पाडत तेलात सोडते, आणि काठीने फिरवून कडं सारखं करते. सगळं दोन सेकंदांत. तळून झालं की वर ‘चांकाका’चा पाक, म्हणजे चक्क काकवी, लवंग-दालचिनीची. आईने पहिलं कडं मोडून डोळे मिटून नैवेद्य दाखवला आणि खाल्लं. दुसरं खाल्लं. मग ताटली गाडीवालीपुढे धरली, पाकाच्या पातेल्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “यापा?”

गाडीवालीने आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि पळी बुडवली.